चौथ्या मजल्यावरची बांधी

चंद्रपूरबाहेर मूल रोडवर नवी टोलेजंग इमारत उभी झाली, अन् तिच्या चौथ्या मजल्यावरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये रोज चिखल होऊ लागला. तो पुसायचा सीताबाईनं. दोन वर्षांआधी याच जागी तिची धानाची बांधी, भाताचं खाचर, होती; आता त्याच जागेवर ती पोछा मारत होती.

"पाय धून येता येत नाई का, बाई? उद्यापासून येऊच नको!" मॅनेजर खेकसला.

शनिवारची शाळा सुटून आलेली हर्षा आईपुढं उभी ठाकली. दहावीत गेल्यापासून ती कोणाला भीत नव्हती. "माह्या मायचे पाय पाहा, कोरडे ठाक आहेत! जमीन घ्याची होती तवा 'सीताताई, सीताताई' करत होते ना?"

"हर्षे, चूप." आई फरशीकडे पाहत होती.

पांढऱ्या टाइल्सवर चिखलाचं एक पाऊल उमटलं. त्याच्या मागं दुसरं. पावलांपुढं बोटांचे ठसे, ओळीनं, वीतवीत अंतरावर. माणूस मात्र कुठंच नव्हतं. रोवणी करताना बाया जशा वाकून मागं मागं सरकतात, तशी ती पावलं सरकत आली अन् मॅनेजरच्या बुटांपाशी थांबली.

"काय तमाशा आहे हा?" म्हणत तो मागं सरायला गेला. बूट उचललाच गेला नाही. चकचकीत फरशीत तो घोट्यापर्यंत गेला होता.

सीताबाईनं सवयीनं लुगडं वर खोचलं.

"हलू नका साहेब," ती म्हणाली, "हलल्यानं आणखी रुतते. आमची बांधी लय खोल आहे."