कुटुंबात कोणाला?

“आजूबाजूला कोणी नसताना तुम्हाला आवाज ऐकू येतात का?”

रागिणीने वहीत पाहून विचारलं. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या वच्छलाबाईंनी मान वर केली नाही.

“येते न. तुह्या बाबाचा. वावरात असले तरी चहा मांड म्हनते.”

“आई, नीट सांग न. उद्या मले सगळ्यायसमोर इचारा लागते.”

ती डॉक्टरकी शिकत होती आणि उद्यापासून अकोल्याच्या दवाखान्यात तिची मानसोपचार विभागातली पोस्टिंग सुरू होत होती. पंधरा दिवसांची. त्याआधीचा रविवार म्हणून ती मूर्तिजापूरला घरी आली होती. सर्जरीत तिचा हात कधी थरथरला नव्हता. इथे मात्र हात लावून तपासायला काहीच नव्हतं. अनोळखी माणसाला नुसते प्रश्न विचारायचे, तो सांगेल ते लिहून घ्यायचं आणि उठून जायचं. त्यात त्या माणसाला काय मिळणार, हे तिला कळत नव्हतं.

माघातली दुपार होती. कुठूनतरी जिनिंग गिरणीची घरघर येत होती आणि कापसाचा एखादा तंतू उन्हात तरंगत अंगणावरून जात होता. तो खाली पडतच नव्हता. रागिणीचे डोळे जड होऊ लागले. झोप कशी लागते? भूक कशी आहे? प्रश्न तिच्या तोंडून आपोआप निघत होते आणि आईची उत्तरं शेंगांच्या बारीक आवाजात मिसळत होती. कोण विचारतंय आणि कोण सांगतंय, हे तिला मधूनच कळेनासं होई.

पुढचा प्रश्न होता, कुटुंबात कोणाला मानसिक आजार? तिथे तिने आधीच ‘नाही’ लिहून टाकलं होतं. ती पान उलटू लागली.

“हे काहून नाही इचारलं?” आईची नजर वहीवर होती.

“ते तं आपल्याकडे कोणाले नाहीच न.”

“मले होता,” वच्छलाबाई म्हणाल्या.

त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

“तू झाली, अन् मी आठ दिवस झोपलीच नाही. वाटे, हे लेकरू माहं नाही, कोणीतरी बदललं. तुले जवळ घ्याले मले भेव वाटे. घरचे बी देत नव्हते.”

रागिणीला लहानपणापासून एवढंच माहीत होतं, की ती झाल्यावर आईला कावीळ झाली. औषधासाठी आई दोन महिने अमरावतीला माहेरी राहिली आणि गोदामावशीने तिला सांभाळलं.

“अमरावतीले नाही गेली मी. अकोल्याले दवाखान्यात होती. तू उद्या जातं, त्याच वार्डात.”

घरघर बंद झाली होती की आपल्यालाच ऐकू येत नव्हती, हे रागिणीला समजेना. तिने ‘नाही’वर रेघ मारली. मग वही मिटून बाजूला ठेवली.

“मंग बरी कशी झाली?” हा प्रश्न वहीत नव्हता.

“गोळ्यायनं. डॉक्टर चांगले होते.” वच्छलाबाईंचे हात पहिल्यांदाच थांबले. “अन् एक पोरगी ये. तुह्याएवढीच. शिकून राहिली होती. रोज वही घेऊन बसे, काहीबाही इचारे. मी भिताडाकडे तोंड करून पडून राहत होती. तरी दुसऱ्या दिवशी ये. मंग एक दिवस तिनं मोठ्या डॉक्टरले इचारलं अन् गोदाले बोलावलं. तुले माह्या मांडीवर ठेवलं.”

“अन्?”

“माहे हात कापून राहिले होते. वाटलं, आता पडते हे लेकरू. तं तिनं माह्या हाताखालून आपला हात लावला. म्हने, ताई, मी धरलं आहे, तुमी फक्त पाहा.”

“कितीक वेळ धरलं तिनं?”

वच्छलाबाई मुलीकडे पाहत राहिल्या. बावीस वर्षांची ती पोर त्यांना जणू आत्ताच कोणी मांडीवर दिली होती.

“काय माहीत बाई. तू डोये उघडून माह्याकडे पाह्यलं, अन् मी तुह्याकडे. तिनं हात कवा काढून घेतला, मले समजलंच नाही.”