झटके देणारी डीव्हीडी

डॉन एर्मोहेनेस आणि डोन्या सोइला यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा आमच्या त्रुहियो शहरातल्या एका हॉलमध्ये दोघं सगळ्यांसमोर मरिनेरा हा आमच्याकडचा जोडीचा नाच नाचले. शूटिंग माझं होतं. पाहुण्यांना वाटायच्या डीव्हीडीचे दोन नमुने मी डॉन एर्मोहेनेसना माझ्या दुकानातल्या जुन्या टीव्हीवर लावून दाखवले. पहिला इंटरलेस्ड, म्हणजे सेकंदाला साठ अर्धी चित्रं. त्यात टाचेचा ठेका न् ठेका कळत होता. दुसरा प्रोग्रेसिव्ह, चित्रं पूर्ण पण तीसच. पाय भरभर पडायला लागले की झटके दिसायचे.

"पहिलीच घ्या," मी म्हटलं. "नाच कसा पाण्यासारखा वाहतोय बघा."

"दुसरी दे, पोरी."

"अहो, झटके बसतायत हिच्यात!"

"म्हणून तर!" त्यांनी डोळा मिचकावला. "पहिलीत माझा गुडघा लचकतो ते दिसतं. दुसरीत लोक तुझ्या मशीनला नावं ठेवतील. सोइलाकडे बोलू नकोस हं यातलं."

तासाभराने डोन्या सोइला एकट्याच आल्या.

"कुठली पसंत केली गं आमच्या नाचऱ्यानं?"

"दुसरी," मी चाचरत म्हटलं.

"वाटलंच मला. काढ तिच्याच चाळीस." मग त्या खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसल्या. "आता ती पहिली लाव. असल्या दुखऱ्या गुडघ्यावर हा माणूस माझ्यासाठी कसा नाचला, ते मला नीट बघायचंय."