दोन फेरे कमी

"तुमच्या स्वतःच्या घरात कोणता दिवा आहे?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

प्रश्न मुकादमबाईंना होता. तोवर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. तारेच्या जुन्या बल्बवर बंदी घालायची की नाही, याची आज सुनावणी होती. बंदी आली तर बल्बचा कारखाना बंद पडणार आणि एकशे चाळीस बायका घरी बसणार. त्यांच्या वतीने बोलायला मुकादमबाईंना पुढे केलं होतं. बल्बमधली तार वळण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. नव्या दिव्यांचा उजेड डोळ्यांना टोचतो, ते महाग पडतात, गरिबाने काय अंधारात बसायचं, असं त्या न अडखळता बोलल्या होत्या. मागच्या रांगांतून टाळ्याही पडल्या होत्या.

या प्रश्नाचं उत्तरही मालकांच्या वकिलांनी पढवून ठेवलं होतं. 'आमच्याच कारखान्याचा' एवढंच म्हणायचं. घरी येऊन कोण बघणार होतं?

बाईंनी मागे पाहिलं. दुसऱ्या रांगेत त्यांची धाकटी जाऊ बसली होती. तीही कारखान्यातच, तपासणी खात्यात. तिचा नवरा दीड वर्ष बिनकामाचा होता आणि संसार तिच्या एकटीच्या जिवावर चालला होता. आमच्या पोटावर पाय येऊ देऊ नका, असं तिने सकाळीच बजावलं होतं.

"नवा," मुकादमबाई म्हणाल्या. "सगळ्या खोल्यांत नवाच."

सभागृहात कुजबुज झाली. वकील उठू लागले. अध्यक्षांनी त्यांना हातानेच बसवलं आणि कारण विचारलं.

मग बाईंनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी घराच्या जिन्यातला बल्ब गेला. लावून धड चार महिनेही झाले नव्हते. बदलायला नवरा स्टुलावर चढला, तोल गेला आणि तो अख्ख्या जिन्यावरून गडगडत खाली आला. तेव्हापासून अंथरुणाला खिळलेला आहे. कूस बदलायलाही माणूस लागतं. तो बल्ब बाईंच्याच हाताखालून गेलेला. त्याच वर्षी वरून हुकूम आला होता, की तारेच्या वेटोळ्याचे दोन फेरे कमी करा. तार आखूड झाली की उजेड भडक पडतो, पण ती लवकर जळते. गिऱ्हाईक लवकर परत येतं. हे बरोबर नाही, असं बाईंनी एकदा म्हणून पाहिलं होतं. खाल्ल्या घराचे वासे मोजू नका, असं ऐकावं लागलं. त्यांनी मान खाली घालून फेरे कमी केले.

"तुमच्या यजमानांना हे माहीत आहे?"

"नाही. अजून सांगायचा धीर झाला नाही."

आता वकील उभेच राहिले. बाईंच्या घरी वाईट घडलं याचं सर्वांनाच दुःख आहे, पण दुःखात माणूस काहीही बोलतं, असं ते शांतपणे म्हणाले. हुकुमाचा काही कागद आहे का, असं त्यांनी विचारलं. कागद नव्हता. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. मागे कुणीही बाईंच्या नजरेला नजर देईना. तेलही गेलं आणि तूपही गेलं, हे त्यांना कळून चुकलं. मैत्रिणींचं काम घालवलं आणि खरं बोलल्याचाही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. जाऊ उभी राहिली होती. शेजारची तिला हाताला धरून खाली ओढत होती. तिने हात सोडवून घेतला, पुढे आली आणि बाईंच्या शेजारी उभी राहिली.

"बल्ब किती तास जळतो, ते मी मोजते," ती अध्यक्षांना म्हणाली. "सहाशे भरायचे आणि कागदावर मी हजार लिहायचे. खऱ्या तासांची वही माझ्या घरी लपवलेली आहे. भाऊजी पडले, त्या दिवसापासूनची."