पुलापलीकडची हद्द

“कुणाची हरकत?” अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं.

शाळेच्या वर्गात गाव दाटीवाटीनं बसलं होतं. प्रश्न साधा होता. गाव याच जिल्ह्यात ठेवायचं, की पुलापलीकडच्या जिल्ह्यात घालायचं? इथलं मुख्य कार्यालय डोंगरापल्याड. एका दाखल्यासाठी अख्खा दिवस मोडायचा, आणि पोचावं तर साहेब जेवायला गेलेले. पलीकडचं कार्यालय हाकेच्या अंतरावर. एरवी सगळ्यांनी हसत हात वर केले असते.

पण इथं कुणी हसत नव्हतं.

पुलापलीकडे तो राहत होता, याच गावचा गुंड. गावानं त्याचा मार खाल्ला होता, आणि शेवटी त्याला जिल्ह्यातून तडीपार केलं गेलं होतं. गुप्त जबाब कुणी दिला, ते पोलिसांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. बंदी होती ती या जिल्ह्यापुरती. पूल म्हणजे हद्द. हद्द डोंगरावर सरकली, की तो सरळ चालत घरी येणार.

दारात त्याचा दोस्त मोटारसायकलच्या किल्ल्या खुळखुळवत उभा होता. “हरकत कशाला असेल, साहेब? गावाचं भलंच आहे की.”

मास्तर उठले. किल्ल्या थांबल्या. मास्तर खोकले आणि खाली बसले.

एकानं जरी तोंड उघडलं असतं, तरी अधिकारी या बदलातून गाव वगळायची शिफारस करणार होते. भीती त्यांना दिसत होती. पण नुसत्या पडलेल्या चेहऱ्यांवर शेरा मारता येत नाही.

बाहेर पडताना दुकानदारानं त्यांना गाठलं. “माझं नाव कुठं येऊ देऊ नका, साहेब. पण त्या तडीपाराच्या आईला एकदा भेटा.”

“का?”

“भेटा म्हणतो ना.” दोस्त येताना दिसला, तसं दुकानदारानं भरदुपारी शटर खाली ओढलं.

अधिकाऱ्यांनी दोस्तालाच तिचं घर विचारलं. “मावशींकडे जायचंय? चला, मीच नेतो,” तो म्हणाला.

घर एका खोलीचं, लख्ख झाडलेलं. दार जुनं, पण आतून दोन नव्याकोऱ्या कड्या. म्हातारीनं डाव्या हातानं पाणी दिलं. उजवा हात तिनं पोटाशी धरला होता.

“एकट्याच राहता?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“हो.”

“मुलाची आठवण येत असेल.”

तिनं दोस्ताकडे पाहिलं. “रोज बघते त्याला. संध्याकाळी पुलाशी जाते. पलीकडे उभा दिसला, की जीव भांड्यात पडतो. मगच घरी येऊन दोन घास खाते.”

“आणि तोही हाक मारतो बरं का,” दोस्त म्हणाला. “‘आई, येतोच गं मी!’ अख्ख्या गावाला ऐकू जातं. आहे का असा मुलगा कुणाचा?”

म्हातारीचे डोळे भरून आले. “साहेब, तुमच्या हातात असेल तर...”

दोस्तानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “रडू नका, मावशी. साहेबांना कळतंय सगळं.”

तिनं पदरानं डोळे पुसले.

अधिकाऱ्यांना गलबलून आलं. त्यांची स्वतःची आई दूर एकटी होती, आणि तिला फोन करायचं ते रोज उद्यावर ढकलत होते. परतताना गाडीत ते स्वतःला समजावत राहिले, की माणूस सुधारतो, गावंच मनात धरून बसतात. शिफारस त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली. गाव पलीकडच्या जिल्ह्यात घालावं.

हुकूम निघाला. पुलावरची जुन्या जिल्ह्याची पाटी उतरवायला कामगार आले, त्या सकाळी गावात एकही खिडकी उघडी नव्हती. शाळेला मास्तरांनी परस्पर सुट्टी देऊन टाकली होती. निदान एका घरात तरी आज आनंद होईल, असं म्हणत ते म्हातारीकडे वळले. दोस्त या वेळी सोबत नव्हता. तो गाडी घेऊन पुलावर गेला होता.

“मावशी, चांगली बातमी आहे,” आत पाऊल टाकत अधिकारी म्हणाले. “आजपासून हे गाव तिकडच्या जिल्ह्यात. तुमचा मुलगा घरी येतोय.”

पुलाच्या दिशेनं मोटारसायकलचा आवाज आला, वाढत गेला, आणि त्यावरून ती ओळखीची हाक आली. “आई, आलो गं!”

तिनं दार लोटलं. डाव्या हातानं एक कडी लावली, मग दुसरी. दाराला पाठ लावून ती साहेबांकडे वळली.

“तो जबाब मी दिला होता, साहेब. आता मला तडीपार करा.”