गच्चीवरच्या नोंदी

"सर, तुमची पदवी कोणत्या सालची?" मुंगीने पेन्सिल सरसावत विचारलं.

भूगोलाच्या सरांनी साल सांगितलं. मुंगी विद्यापीठाच्या प्रवेशाचा अर्ज भरत होती, आणि शिफारस करणाऱ्याची माहिती त्यात द्यावी लागते, हे त्यांना ठाऊक होतं. हाच अर्ज त्यांनी स्वतः तरुणपणी तीनदा भरला होता.

ते विद्यापीठ हवामानशास्त्रासाठी वर्षाला बारा जण घ्यायचं. अर्ज यायचे चार हजार. तिन्ही वेळा सरांना 'कळवण्यास खेद वाटतो' असं पत्र आलं होतं. ती पत्रं अजून वर्गाच्या कपाटात, पृथ्वीच्या गोलामागे पडून होती.

मुंगी हे नाव शाळेनेच ठेवलेलं. चण एवढीशी, आणि दिवसातून दोनदा गच्चीचा जिना चढायची. गच्चीवर झडपांची पांढरी पेटी होती, आत तापमापक. त्याच्या नोंदी सर अठरा वर्षं घेत होते, सुट्टीतसुद्धा. चार वर्षांपासून मुंगीही घेऊ लागली होती.

गेल्या वर्षी ती सहज म्हणाली होती, "सर, दुपारी समोरच्या नव्या इमारतीची सावली पेटीवर पडते. आपले आकडे चुकतायत."

सावली खरंच पडत होती, दोन वर्षं. सरांनी तिला सगळ्या वर्गासमोर शाबासकी दिली, दोन वर्षांचे आकडे लाल शाईने खोडले आणि समासात 'चूक माझी' असं लिहिलं. मग आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही. पोरीला दिसलं ते आपल्याला दिसलं नाही, हे त्यांच्या मनातून काही केल्या जाईना.

"आणि तुमच्या जुन्या वह्या द्याल?" मुंगी म्हणाली. "सगळ्या. झेरॉक्स काढून अर्जाला जोडायच्यात."

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण वर्गात शिक्षकाला चांगुलपणा सोडता येत नाही. त्यांनी वह्या काढून दिल्या.

दारापाशी जाऊन ती वळली. "सर, अर्जातलं पत्र कसं लिहावं हो?"

"जे दिसलं ते लिहावं. मीठमसाला लावू नये," सर सवयीने म्हणाले. "मनापासून लिहिलेलं पत्र पोचतंच."

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "मुंगीचं पत्र लिहिलंत?"

"लिहितोय."

"चांगलं लिहा हो. गुणाची पोर आहे."

"गुणाची! माझ्या अठरा वह्या घेऊन गेलीय. हमाली मी करायची आणि मिरवायचं हिनं."

"अहो, तुमचं वय काय, तिचं काय! तिचा कसला हेवा करताय?"

"हेवा कसला," सर म्हणाले.

पण तो हेवाच होता, अगदी निखळ. ती त्या बारांत गेली तर गच्चीचा जिना आपण कुठल्या तोंडाने चढायचा, हे त्यांना कळत नव्हतं.

शिफारसपत्र बंद लिफाफ्यातून थेट जायचं, विद्यार्थ्याने ते बघायचं नाही, असा नियम होता. सरांना तो नियम फार आवडला. त्यांनी लिहिलं: हजेरी पूर्ण. वागणूक नम्र. अक्षर सुवाच्य. सांगितलेलं काम वेळेवर करते. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. सावलीचा उल्लेख मात्र त्यांनी केला नाही. चार हजारांच्या ढिगात असल्या पत्राचं काय होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

टपाल कार्यालयात मुंगी भेटली. तिच्या हातात दोन पाकिटं होती, एक पातळ आणि एक फुगलेलं.

"दोन कशाला?"

"वेगवेगळी पाठवायची असा नियम आहे," ती म्हणाली आणि फुगलेलं पाकीट पत्त्याची बाजू आत करून छातीशी धरलं.

मग अडीच महिने नुसती वाट बघणं. मुंगीने नखं कुरतडून संपवली. सर रोज काळजीच्या सुरात विचारायचे, "आलं का काही?" तिने मान हलवली की त्यांना बरं वाटायचं. बरं वाटलं म्हणून थोडं वाईटही वाटायचं, पण थोडंच.

एका सकाळी ती गच्चीवर पेटीपाशी उभी होती. डोळे सुजलेले.

"माझं नाही झालं, सर. काल पत्र आलं."

"अरेरे," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू." छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्यांना झालं. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"तुम्हाला काही आलं?"

"मला कशाला येईल?"

तेवढ्यात शाळेचा शिपाई धापा टाकत वर आला. त्याच्या हातात विद्यापीठाचा शिक्का असलेला लिफाफा होता, सरांच्या नावाचा. शिफारसपत्राची पोच असणार, म्हणून सरांनी तो उभ्या उभ्या फोडला.

'शालेय शिक्षकांसाठी राखीव असलेल्या एकमेव जागेवर आपली निवड झाली आहे. आपला अर्ज, नियमानुसार आपल्याला न कळवता, आपल्या विद्यार्थिनीने पाठवला होता. वह्या मोलाच्या आहेतच. परंतु स्वतःचे दोन वर्षांचे आकडे मुलांदेखत खोडून "चूक माझी" असे लिहिणाऱ्या शिक्षकाविषयी तिने जे पत्र लिहिले, त्यानंतर समितीला दुसऱ्या नावाचा विचार करावासा वाटला नाही.'

सरांनी कठड्याला हात टेकला. मुंगीने टाचा उंचावून पत्र वाचलं आणि सुजलेल्या डोळ्यांनी ती चक्क हसली.

"बघा सर," ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं ना, मनापासून लिहिलेलं पत्र पोचतंच."