बांधीतली हजेरी

तपासणी अधिकारी बैलबंडीतून उतरले, तेव्हा गावाने आठवीच्या वर्गासाठी श्रमदानाने उभारलेल्या नव्या शाळेत शालिकराम मास्तरांखेरीज कोणीही नव्हते. टाटपट्ट्या ओळीने अंथरलेल्या, फळ्यावर सुवाच्य अक्षरांत स्वागत, आणि वर्ग रिकामा.

"विद्यार्थी?"

"बांधीत आहेत, साहेब. धानाच्या शेतात."

१९५५च्या श्रावणातली ही तपासणीची तारीख मास्तरांनीच मागून घेतली होती. पंचांग पाहून घेतली. आभाळ पाहायचे राहून गेले. पंधरा दिवस दडी मारलेला पाऊस परवा आला आणि नागभीडपासून इथवर धानाची रोवणी एकदमच सुरू झाली.

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिले. "आठवीला मान्यता हवी, तर चाळीस विद्यार्थी हजर पाहिजेत. नाहीतर पुढल्या वर्षी."

पुढल्या वर्षापर्यंत ही मुले सातवीवरच थांबणार होती; आठवीची दुसरी शाळा चोवीस मैलांवर.

"हजेरी विद्यार्थ्यांची घ्यायची, की भिंतींची?" मास्तर म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले. हजेरीपट उचलून ते चालूही लागले; साहेब मागोमाग.

तलावाच्या पाळीवरून ते नावे पुकारू लागले. खाली चिखलात वाकलेल्या पाठी एकेक करून सरळ होऊ लागल्या.

"मुखरू!"

"हजर!"

"पोचू!"

"हजर!"

"उभ्यानंच घ्या हजेरी, सायेब!" रोवणीला आलेला लटारू शेताच्या धुऱ्यावरून ओरडला. "बसा म्हनसान तं गळ्यापर्यंत बुडतीन पोट्टे!"

बाया खिदळल्या. साहेबही हसले. मास्तरांचे लक्ष आकड्यावर होते. एकोणचाळीस झाले.

"सुकलू!... सुकलू!"

"मामाच्या गावाले गेला, मास्तर. तिथीबी रोवणी लागली."

मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले. एकोणचाळीसच.

तेवढ्यात बायांच्या रांगेतून लटारूची मुलगी रंभा उभी राहिली.

"हजर."

अधिकाऱ्यांनी पट ओढून घेतला, वरून खाली बोट फिरवले. "यात मुलीचे नाव एकही नाही. तू सातवी पास आहेस?"

"मागल्या साली झाली. पहिल्या नंबरानं."

"मग अर्ज का केला नाहीस?"

रंभाने कपाळावरचा चिखल मनगटाने पुसला. "तीनदा केला, सायेब. काऊन नाई घेतलं, ते मास्तरले पुसा."

लटारूचे हसणे थांबले. मुलींना बसायला वेगळी खोली नाही, हे उत्तर मास्तरांच्या जिभेवर तयार होते. तिन्ही वेळा त्यांनी तेच दिले होते. समोर मुलगे आणि मुली एकाच बांधीत, एकाच चिखलात उभे होते. गावात कोणाशीही वाद घालून न हरणाऱ्या मास्तरांनी खिशातून पेन काढले आणि सुकलूच्या खालच्या ओळीवर टेकवले.

"जन्मतारीख?"

"तिन्ही अर्जांत लिहून आहे, मास्तर."