कोळशाचं वाण

नव्या कोळसाखाणीच्या फाटकाशी वर्षभर धरणं धरून बसलेल्या बायकांनी संक्रांतीचं हळदीकुंकू तिथेच मांडलं आणि खाणीच्या मॅनेजरच्या बायकोला, रेवतीलाही बोलावलं. वाण म्हणून रेवतीच्या हातात कोळशाचा खडा आला.

"शाळेतल्या मॅडमनी याला औषध लावलंय," धरण्यातल्या सुगंधाबाई म्हणाल्या. "रोज चमचाभर पाणी घाला. झोपलंय ते."

आठव्या सकाळी खड्यातून एक हिरवं पान उलगडलं. तीस कोटी वर्षांपूर्वीच्या रानाचा ओला वास घरभर पसरला. पहिला सुरुंग लावायला निघालेले मॅनेजर दारातच थबकले.

"अहो, खाली अजून किती झोपलं असेल?" रेवतीनं विचारलं.

डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यांनी नळाखाली धरलं आणि काठोकाठ भरल्यावर, थेंबही सांडू न देता, खाणीकडे चालू लागले.